एकोणिसांतली एक हाक

ऑपरेटरबाईंना आवाजावरून माणूस ओळखता यायचा. यात विशेष काही नाही, असं त्यांना स्वतःला वाटे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बावीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेल्या कुठल्याही बाईला ते जमलं असतं. फरक एवढाच, की बाकीच्या बायकांना नुसता माणूस कळायचा आणि यांना तो माणूस आज जेवलाय की नाही, तेही कळायचं. एकदा बंदरावरच्या औषधवाल्याचा फोन जोडून दिल्यावर त्या शेजारच्या मैत्रिणीला म्हणाल्या, "याच्या छातीत काहीतरी आहे. त्याला अजून पत्ता नाही." औषधवाला तीन महिन्यांनी गेला. त्या दिवसापासून मैत्रिणीनं बाईंसमोर तोंड उघडणं कमी केलं.

एक्स्चेंज बंद पडलं तेव्हा बाई सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. नवरा आधीच गेलेला. घरात एकुलता एक मुलगा. त्याला सगळे भोंग्या म्हणत, कारण तान्हा असताना तो रडायला लागला की अख्ख्या गल्लीच्या खिडक्या बंद व्हायच्या. मोठेपणी मात्र तो असा अबोल निघाला, की नाव ऐकून भेटायला आलेली माणसं बुचकळ्यात पडत. दारातून वाकून आत येणारा धिप्पाड गडी, पण "हं" आणि "बरं" या दोन शब्दांवर आठवडा काढायचा.

त्याच सुमाराला बंदराच्या जुन्या जकात कचेरीत, वरच्या मजल्यावर, एका प्रोफेसरबाईंनी प्रयोगशाळा थाटली. प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या, एक गळकी गॅलरी आणि ढीगभर तारा. खाडीच्या तोंडाशी समुद्राच्या तळाला त्यांनी दोन माइक सोडले होते, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या. तिथला आवाज तारेतून खोलीतल्या स्पीकरवर यायचा. सकाळी आठ ते चार कुणीतरी बसून ऐकायचं आणि वहीत लिहायचं: किती वाजता बोट गेली, किती वाजता डॉल्फिन, किती वाजता देवमासे. या कामाला माणूस हवा होता.

मुलाखतीला पाच जण आले. प्रोफेसरबाईंनी सगळ्यांना तीन आवाज ऐकवले. कुणाला ते बिजागरीसारखे वाटले, कुणाला पिपाणीसारखे. ऑपरेटरबाई म्हणाल्या, "पहिली आणि तिसरी एकच. मधली तिच्या नात्यातली."

प्रोफेसरबाईंनी कपाटातून कागद काढून तपासले. मधली तिची मुलगी होती.

नोकरी लागली.

बाई ज्यांना ऐकायच्या ते देवमासे काळे, गोल कपाळाचे, जेमतेम एका टेम्पोएवढे लांब. जातीनं डॉल्फिनचेच भाऊबंद. वीसएक जणांचा एक कळप वर्षातून दोनदा खाडीच्या बाहेरून जायचा. पाण्याखाली फार लांबचं दिसत नाही, म्हणून सगळा संसार आवाजावर. एकानं हाक मारायची, दुसऱ्यानं ओ द्यायची, तिसऱ्यानं मागून "आलो" म्हणायचं. प्रोफेसरबाईंनी त्यांना नंबर दिले होते. बाईंनी नावं ठेवली. सगळ्यांत म्हातारी ती आजी, तिच्या पाठोपाठ बोलते ती थोरली, आणि खालच्या पट्टीत सर्वांत शेवटी ओ देतो तो ढोल्या, आजीचा मुलगा.

"शास्त्रात नंबर लागतो," प्रोफेसरबाई म्हणाल्या.

"फोनवरही नंबरच फिरवतात," बाई म्हणाल्या, "पण बोलतात माणसाशी."

प्रोफेसरबाईंनी पुढे वाद घातला नाही. उलट फावल्या वेळात त्या बाईंना शिकवू लागल्या. एकदा चहा पिताना म्हणाल्या, "यांच्यात लेकरं आईला सोडून जात नाहीत. मुली नाहीत आणि मुलगेही नाहीत. दुसऱ्या कळपातल्या माद्या भेटल्या तर मुलगे तेवढ्यापुरते जातात, की परत आईच्या कुशीला."

"जन्मभर?"

"जन्मभर. बोलणंही आईकडूनच उचलतात."

बाईंनी कप खाली ठेवला. "मग सुनेचं कसं होतं?"

"सून नसतेच," म्हणून प्रोफेसरबाई हसल्या.

ऑपरेटरबाई हसल्या नाहीत. त्यांची सून आठ महिन्यांत निघून गेली होती. भांडण नाही, तंटा नाही. जाताना ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून शांतपणे म्हणाली होती, "आई, तुम्ही वाईट नाही आणि हेही वाईट नाहीत. पण तुम्ही खोकलात की हे घास खाली ठेवतात. मला या घरात बसायला जागाच सापडत नाही." भोंग्या तेव्हा "हं" म्हणाला होता. नंतर त्यानं तिचं नाव घेतलं नाही, आणि दुसऱ्या लग्नाचंही नाही.

अशी दहा वर्षं गेली. बंदरात नवा धक्का बांधायचं ठरलं. समुद्राच्या तळात लोखंडी खांब ठोकायचे होते. खांब ठोकणारं यंत्र उंच सांगाड्यावर बसवलेलं, सगळे त्याला घण म्हणत. घण चालवायचं काम भोंग्याला मिळालं. चांगलं काम होतं, हुद्द्याचं. पण पहिल्या वर्षातच त्याच्या कानांवर परिणाम झाला. कानात बोळे घालायचा, वरून कानांवर टोपणं लावायचा, तरी बाईंना घरात दोनदा हाक मारावी लागे. आईचे कान असे आणि मुलाचे तसे, यावर गल्लीत विनोद व्हायचे. बाईंना त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

स्पीकरवर घणाचा ठोका पडला की टेबलावरची पेन्सिल हलायची. नियम कागदावर होता: देवमासे खाडीच्या तोंडापासून आत असतील तर घण बंद. पण बंद करा म्हणायचा अधिकार प्रोफेसरबाईंच्या सहीला होता, आणि कळप कधी आत येतच नसे, म्हणून तो कागद कुणी उघडला नव्हता.

उन्हाळा लागता लागता कळप आला. पहिल्याच दिवशी बाईंना काहीतरी खटकलं. आजीची हाक वर चढत जायची आणि टोकाला एक छोटी उचकी यायची. या वेळी ती अर्ध्यावर मोडत होती. पुन्हा सुरू करायची, पुन्हा मोडायची. बाकीचे एरवी पसरून चालत. आता इतके जवळ होते की एकाची ओ दुसऱ्याच्या ओवर पडत होती. आणि पुढे जायच्या ऐवजी कळप तिथेच घुटमळत राहिला.

"म्हातारीला बरं नाही," बाई म्हणाल्या.

प्रोफेसरबाईंनी आलेख पाहिला. "आवाज थोडा उतरलाय खरा. पण त्यावरून असं म्हणता येत नाही."

"मला येतं."

"लिहून ठेवा."

बाईंनी लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी लिहिलं, तिसऱ्या दिवशी लिहिलं. चौथ्या दिवशी प्रोफेसरबाई बोट घेऊन कळपाचे फोटो काढायला बाहेर पडल्या. बाहेर धुकं होतं, त्या भलत्याच दिशेला गेल्या. पावणेनऊला आतल्या माइकवर, जिथे दहा वर्षांत फक्त बोटी वाजल्या होत्या तिथे, आजीची मोडकी हाक आली. तिच्यामागे थोरलीची. मग सगळ्यांची.

कळप खाडीत शिरला होता. त्याच्या पाठीमागे, समुद्राकडे जायच्या वाटेवर, नवा धक्का होता. घण नऊला सुरू व्हायचा.

बाईंनी प्रोफेसरबाईंना फोन लावला. रेंज नव्हती. साइट मॅनेजरला लावला.

"सहीचं पत्र आहे का?" त्यानं विचारलं.

"सही करणारी बाई बोटीवर आहे. मासे तुमच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये आहेत. आता ठोकाल तर ते आतच पळतील. आत पाणी नाही, वाळू आहे."

"बाई, मासे हुशार असतात. त्यांची वाट ते शोधतात. मला आज चार खांब बसवायचेत."

बाईंनी मुलाला फोन लावला. वाजत राहिला. घड्याळात नऊ वाजून तीन मिनिटं झाली आणि पेन्सिल हलली. पहिल्या ठोक्यानंतर स्पीकरवर एकदम शांतता पसरली. वीसएक जीव बोलता बोलता एकाच वेळी गप्प होतात, तशी. बावीस वर्षं एक्स्चेंजमध्ये त्यांनी लोकांना रडताना ऐकलं होतं, शिव्या देताना ऐकलं होतं; पण इतक्या जणांना एकदम गप्प झालेलं कधी ऐकलं नव्हतं. मग सगळे एकदम ओरडायला लागले.

जकात कचेरीपासून साइट वीस मिनिटांवर. बाई तेरा मिनिटांत पोचल्या, चपलेचा अंगठा तुटलेला. जाळीच्या कुंपणाला धरून त्यांनी हाका मारल्या. त्या आवाजात कोण ऐकतंय? त्यांनी डोक्यावरची ओढणी सोडली आणि ती जाळीवरून निशाणासारखी हलवत राहिल्या. वरच्या केबिनमधून भोंग्यानं खाली पाहिलं. आईला त्यानं कामाच्या जागी कधी पाहिलं नव्हतं. त्यानं घण बंद केला, टोपणं काढली आणि शिडी उतरून खाली आला.

"काय झालं? तुला काय झालं?"

"मला काही नाही. मासे आत आहेत. घण सुरू करू नकोस."

मॅनेजर मागून धावत आला. कुणी थांबवायला सांगितलं, म्हणाला. भोंग्या त्याच्याकडे न बघता म्हणाला, "आईनं." आणि किल्ली खिशात टाकून तिथेच उभा राहिला. एवढा उंच, दांडगा माणूस. त्याच्या खिशात हात घालायची हिंमत मॅनेजरला झाली नाही.

पण वीस मिनिटं ठोके पडून गेले होते. आणि ओहोटी लागली होती.

खाडीच्या आतल्या टोकाला वाळूचा उथळ पट्टा होता. दहा वाजेपर्यंत तिथे एकोणीस देवमासे आडवे पडले होते. बातमी पसरली तशी माणसं जमली. कुणी बादल्या आणल्या, कुणी घरच्या चादरी. ओल्या चादरी पाठीवर टाकायच्या, श्वासाचं भोक उघडं ठेवायचं, शेपटीजवळ उभं राहायचं नाही, हे गावातले पशुवैद्य ओरडून ओरडून सांगत होते. ते बुटके, घसा बसलेले गृहस्थ आल्यापासून वाळूत गुडघ्यांवर होते. भोंग्या आला, शर्ट काढला आणि कुणी न सांगता सर्वांत मोठ्या देवमाशापाशी बादल्या ओतायला लागला. तो ढोल्या होता. बाईंनी मुलाला ते सांगितलं नाही.

प्रोफेसरबाई दुपारी बोटीनं पोचल्या. तोवर तीन पिल्लं गेली होती. चारला भरतीचं पाणी चढू लागलं. चाळीस-पन्नास माणसांनी मिळून दोघींना पाण्यात ढकललं. त्या तरंगल्या, वळल्या आणि सरळ किनाऱ्याकडे परत आल्या. पुन्हा ढकललं, पुन्हा परत. तिसऱ्यांदा एका माणसाचा पाय त्यांच्याखाली चिरडता चिरडता वाचला.

सहाच्या सुमाराला पशुवैद्य प्रोफेसरबाईंना म्हणाले, "यांच्यातलं कुणीतरी बोलावतंय. जो बोलावतोय तो वाचणारा नाही, आणि तो गप्प होत नाही तोवर हे जाणार नाहीत. तासाभरात अंधार पडेल. कोण ते कळलं तर त्याला सुई देऊन कायमचं शांत करता येईल, बाकीचे वाचतील. नाही कळलं तर सगळे इथेच."

प्रोफेसरबाईंनी ऑपरेटरबाईंकडे पाहिलं.

बोटीवर हातात धरायचा एक छोटा माइक होता, लांब तारेचा. बाई कमरेएवढ्या पाण्यात उतरल्या. हेडफोन लावला. आत नुसता गलका होता. सोळा आवाज एकमेकांत गुंतलेले, वर माणसांची बोलणी, बादल्यांच्या कड्यांचा खणखणाट. त्यांनी डोळे मिटले. एकेक आवाज बाजूला केला. थोरली समुद्राकडे तोंड करून हाक मारत होती, या, इकडे या म्हटल्यासारखी. आणि किनाऱ्याकडून, वाळूतून, मोडकी हाक येत होती. अर्ध्यावर तुटायची. ती आली की थोरली गप्प व्हायची आणि मागे वळायची.

ती आजी होती, हे बाईंना चार दिवसांपूर्वीच माहीत होतं. तरी त्यांनी सगळ्यांच्या जवळ जाऊन ऐकलं. कदाचित आपण चुकू, अशी त्यांना आशा होती.

"कोण?" पशुवैद्यांनी विचारलं.

बाई आजीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"खात्री आहे? नीट ऐका. मी एकदा सुई टोचली की मागे फिरता येणार नाही."

"खात्री आहे."

"चुकीची निघाली तर..."

"डॉक्टर, हीच आहे," बाई म्हणाल्या, आणि ओला हात त्या काळ्या पाठीवर ठेवला. पाठ त्यांना वाटली होती तितकी गार नव्हती. त्यांनी हेडफोन काढला नाही. प्रोफेसरबाई म्हणाल्या, काढा आता, कशाला ऐकताय? बाईंनी मान हलवली. ज्याच्यावर आपण बोट ठेवलं त्याचं शेवटपर्यंत ऐकायला हवं, असं काहीसं त्यांच्या मनात होतं.

आजीची हाक सहा वेळा आली. सहावी सुरू झाली आणि वर चढलीच नाही. त्यानंतर पाण्याखाली बराच वेळ कुणी बोललं नाही. मग लांबून थोरलीनं हाक मारली. एकानं ओ दिली. आणखी एकानं दिली. लोकांनी खांदे लावले, पाण्यानंही या वेळी हात दिला, आणि एकेक करून चौदा देवमासे खाडीच्या तोंडाकडे निघाले.

ढोल्या गेला नाही. भोंग्यानं आणि आठ जणांनी त्याला दोनदा खोल पाण्यात नेलं. दोन्ही वेळा तो वळला आणि आजीच्या शेजारी, अंगाला अंग लावून, वाळूत येऊन पडला. त्याला काहीच झालं नव्हतं. पशुवैद्य म्हणाले, ठणठणीत आहे. तिसऱ्यांदा न्यायला लोक तयार झाले तेव्हा भोंग्याच म्हणाला, "राहू द्या." दिवस मावळायच्या सुमाराला दुसरी सुई द्यावी लागली.

मायलेक चालत घरी निघाले. दाराशी आल्यावर भोंग्यानं विचारलं, "मी वीस मिनिटं ठोकलं. माझ्यामुळे झालं का?"

"म्हातारी आधीच आजारी होती."

"ते नाही विचारलं."

बाईंना आवाजातलं सगळं कळायचं. आपण आता जे बोलू त्यात खोटं कुठे आहे, हे त्याला ऐकू येणार नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. "नाही, तुझ्यामुळे नाही," त्या म्हणाल्या.

चौकशी झाली. अहवालात लिहिलं, की वृद्ध मादीची फुप्फुसं आजारानं निकामी झाली होती. घणाच्या आवाजाशी घटनेचा संबंध सिद्ध होत नाही. संबंध नाही, असंही लिहिलं नव्हतं. मॅनेजरची बदली झाली. काम दीड महिना बंद राहिलं.

त्या दीड महिन्यात बाईंनी एकच ध्यास घेतला. लांबच्या एका बंदरात भोंग्यासाठी जागा होती. त्यांनी ओळखीपाळखीनं खटपट करून ती पक्की केली. तो नको म्हणाला. त्या म्हणाल्या, "तू गेलास तर मला बरं वाटेल." खोटं होतं, पण मोठ्यानं आणि ठामपणे सांगितलं. तो गेला. रोज साडेसातला फोन यायचा. त्याला फोनवर धड ऐकू येत नसे, म्हणून बाईच बोलायच्या: आज पाणी आलं नाही, शेजारणीची लेक आली, मी जेवले. तिकडून "हं" यायचं. त्या एका अक्षरात त्यांना दिवसेंदिवस काहीतरी कमी कमी होताना ऐकू येत होतं. त्यांनी स्वतःला सांगितलं, रेंजचा दोष असेल.

काम बंद पडल्यापासूनच्या सहाव्या आठवड्यात बाहेरच्या माइकवर कळप आला. थोरली पुढे होती. तिनं हाक मारली. चौदांतली एक ती, म्हणजे तेरा ओ यायला हव्यात. बाईंनी मोजल्या. अकरा. ध्वनिमुद्रण मागे नेऊन पुन्हा मोजल्या. प्रोफेसरबाईंनीही मोजल्या. अकराच.

"कधीकधी गप्प राहतात," प्रोफेसरबाई म्हणाल्या.

"हो," बाई म्हणाल्या, आणि वहीत अकरा लिहिलं.

त्याच शनिवारी संध्याकाळी घराचं दार वाजलं. भोंग्या बॅग घेऊन उभा होता. गालफडं बसलेली, शर्ट खांद्यावर लोंबकळत होता.

"काम संपलं?"

"नाही."

"मग?"

"झोप येत नव्हती," तो म्हणाला आणि वाकून आत आला.

बाईंनी पान वाढलं. तो पोटभर जेवला, बऱ्याच दिवसांनी जेवावं तसा. बाईंना फार आनंद झाला. इतका, की त्या आनंदाचीच त्यांना भीती वाटली. "परवा परत जायचं," त्या म्हणाल्या. त्यानं "हं" केलं. दुसऱ्यांदा त्यांनी सांगितलं नाही, आणि का सांगितलं नाही, हे पुढे कधी त्यांना कुणाला सांगता आलं नाही.

धक्क्याचं काम पुन्हा सुरू होणार होतं. नव्या मॅनेजरला अनुभवी माणूस हवाच होता. सोमवारी सकाळी मायलेक बरोबर निघाले. साइटच्या फाटकापर्यंत एकत्र चालले, मग तो आत गेला आणि त्या जकात कचेरीच्या जिन्याकडे वळल्या. नऊ वाजता पहिला ठोका पडला. बाईंनी स्पीकरचा आवाज वाढवला आणि दोन ठोक्यांच्या मधलं ऐकत बसल्या.